रिळाच्या पोटातली घाण

पिशवीची गाठ सुटली तशी लख्खबाईंनी मान झटकन मागे घेतली. आत मासे धरायच्या काठीचं एक रीळ होतं, चांगलं भारीतलं. त्याच्या मुठीला खवले असे चिकटले होते, जणू तिथंच उगवले असावेत. कडेच्या फटीत आमिषाचा एक तुकडा वाळून काळा पडला होता. तो कशाचा होता हे जाणून घ्यायची बाईंना अजिबात हौस नव्हती, पण नाकाने ओळखलंच. 

"शी! हात धुणं म्हणजे काय हे तरी माहीत आहे का या माणसाला?"

पडद्यापलीकडे, दुकानाच्या पुढच्या भागात, त्यांचे यजमान गल्ल्यामागे बसले होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. "अगं, हळू," ते कुजबुजले. "गिऱ्हाईक अजून पायरीवरच आहे."

"असू दे. ऐकलं तर बरंच होईल."

बाई किळसखोर होत्या असं कुणाला वाटेल, पण त्यांची नोकरी ऐकली की माणूस गप्प बसायचा. सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात काढली होती. ऑपरेशनची हत्यारं वरून खाली यायची, ती धुऊन, उकळून, निर्जंतुक करून परत वर पाठवायची, हे त्यांचं काम. रक्त, पू, हाडाचा चुरा, सगळं हाताखालून गेलं, आणि दुपारी डबा उघडला की त्या पोटभर जेवायच्या. कात्री उघडून दिव्याखाली धरायची, बिजागरीच्या खाचेत डोळा घालायचा आणि शेजारणीला विचारायचं, "लख्ख आहे?" दिवसातून शंभरदा. त्यावरून नाव पडलं लख्खबाई. नोकरी संपली, नाव उरलं.

"रक्ताची कसली आलीये किळस?" त्या लेकीला म्हणत. "रक्त काय कुणी हौसेने सांडतं? मला शिसारी येते ती आळसाची. चांगल्या वस्तूची माती करायची आणि वर म्हणायचं, बघा हो, फिरतच नाही!"

रिळांचं काम खरं तर मिस्त्रींचं. तीस वर्षं त्यांनी त्या टेबलावर काढली होती. रीळ कानाशी धरून मूठ फिरवली की ते सांगायचे, आत वाळू आहे, की दाते झिजलेत, की बेअरिंग गेलंय. लांबलांबून लोक यायचे. पण चार वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी कपातला चहा बशीत यायला लागला. मग शर्टाची बटणं हट्टाला पेटली. मग एके दिवशी चिमट्यातून एक केसाएवढी स्प्रिंग उडाली आणि नवराबायको दोघंही जमिनीवर ओणवी होऊन दुपारभर ती शोधत राहिली. बाईंना ती कपाटाच्या पायाशी सापडली. मिस्त्रींनी तीनदा बसवून पाहिली, तीनदा उडाली. शेवटी बाई म्हणाल्या, "सरका बरं जरा," आणि त्यांनी ती एका दमात बसवली.

"आजच्या पुरतं," मिस्त्री म्हणाले.

त्या आजला चार वर्षं झाली.

नोकरी संपलेलीच होती, रिकामा वेळ खायला उठत होता. बाईंनी टेबल ताब्यात घेतलं. अंड्यांचे रिकामे ट्रे आणले, एकेका खळग्यात एकेक भाग, ज्या क्रमाने सुटला त्या क्रमाने. जुने दातघासणे ब्रश, कापसाच्या काड्या, रॉकेलची वाटी, स्वच्छ फडक्यांची चळत. मिस्त्री मागे उभे राहून शिकवायचे. ते चांगले शिक्षक होते, हे बाई कधी नाकारत नसत. वर्षभरात रीळ त्यांच्या हातून मिस्त्रींच्या काळापेक्षा गुळगुळीत फिरायला लागलं. मिस्त्रींनी हे बोलून दाखवलं नाही, पण रीळ कानाशी धरल्यावर त्यांच्या भुवया वर जायच्या, त्या बाईंना दिसायच्या.

गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मध्ये पडदा होता. गिऱ्हाईक पुढे यायचं, मिस्त्री हात खिशात घालून गप्पा मारायचे, रीळ पडद्याआड जायचं आणि चार दिवसांनी नवं होऊन बाहेर यायचं. "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही!" असं कुणी म्हटलं की मिस्त्री मान खाली घालून हसायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

पहिल्या वर्षी बाई आतून चेष्टा करायच्या, "आयत्या बिळावर नागोबा!" दोघंही हसायची. तिसऱ्या वर्षी चेष्टा तीच होती, पण हसू आटलं होतं.

आणि काम तरी कसलं? लोक रिळात जे काय घालतात ते पाहून बाईंचा माणूसजातीवरचा विश्वास उडायला आला होता. एकाने स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं. महिन्याभरात त्याचा डिंक झाला, त्यात दोन झुरळं चिकटून मेली. दुसऱ्याने खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटार धुवायच्या पाइपाने जोरात फवारा मारला, म्हणजे बाहेरचं मीठ होतं ते नेमकं आत ढकललं. पितळी भागांवर हिरवा कळंक, झाकणाखाली मिठाचे खडे, आणि त्या सगळ्यावर वरून थापलेलं ग्रीस. "कान न धुता डूल घालायचे," बाई म्हणायच्या. संध्याकाळी त्या तीनदा साबण लावून हात धुवायच्या, तरी नखाखालचा वास रात्रीच्या जेवणापर्यंत पुरायचा.

एकच गिऱ्हाईक त्याला अपवाद होतं. शहरातली बस चालवणारा एक अबोल ड्रायव्हर. त्याचं रीळ मऊ फडक्यात गुंडाळून यायचं. पुसलेलं, वाळवलेलं, दोऱ्याचा ताण कमीजास्त करायची चकती सैल करून ठेवलेली. ते उघडताना बाईंना हॉस्पिटलचे दिवस आठवायचे. "हा माणूस सज्जन असणार," त्या म्हणायच्या. "रीळ सांगतंय."

एक दिवस मासेमारी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. फरश्यांचा मोठा व्यापार, आवाज त्याहून मोठा. पडद्याआड बाईंना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"मिस्त्री, रविवारी सभागृहात कार्यक्रम ठेवलाय. घरच्या घरी रिळाची निगा. तुम्ही सगळ्यांसमोर रीळ उघडून दाखवायचं. तुमच्याशिवाय आहे कोण?"

आता हा नाही म्हणेल, बाईंना वाटलं. डोळ्यांचं कारण सांगेल, पाठीचं सांगेल.

"येतो की," मिस्त्री म्हणाले.

अध्यक्ष गेले तशा बाई पडदा सारून बाहेर आल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"ऐकून तर घे. तू एक रीळ आधीच साफ करून ठेव. स्क्रू बोटाने सुटतील असे सैल ठेव. मी बोलत बोलत झाकण काढतो, आतलं दाखवतो, परत लावतो. बोलायला मला कुणी शिकवायला नको."

"म्हणजे धुतलेलं भांडं धुऊन दाखवायचं."

"तसं म्हण हवं तर."

"लाज नाही वाटत?"

मिस्त्रींनी हात खिशात खोल घातले. "वाटते," ते म्हणाले. "म्हणूनच तर."

बाईंनी शुक्रवारी एक रीळ घेतलं, लख्ख केलं, स्क्रू सैल ठेवले. आणि ते डब्यात ठेवताना त्यांना हॉस्पिटलमधली एक जुनी गोष्ट आठवली. एका सहकारिणीने कंटाळा करून न उकळलेल्या ट्रेवर निर्जंतुक असल्याची पट्टी चिकटवली होती. बाईंनी ते पाहिलं आणि सरळ वर जाऊन सांगितलं. ती बाई पुन्हा आयुष्यात त्यांच्याशी बोलली नाही, आणि बाईंना त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. आज त्या स्वतः पट्टी चिकटवत होत्या. त्या दिवशी हात धुताना घाण नखाखाली नाही हे त्यांना माहीत होतं, तरी त्या घासत राहिल्या.

रविवारी सभागृहात साठेक माणसं होती. लेक मुद्दाम आली होती. ती आणि बाई दुसऱ्या रांगेत बसल्या. टेबलावर पांढरं कापड, दुकानातून आणलेला अंड्यांचा ट्रे, ब्रश, रॉकेल आणि ग्रीसची डबी, वर मोठा दिवा, शेजारी मिस्त्री, इस्त्रीच्या शर्टात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी डब्याचं झाकण काढलं, तेवढ्यात अध्यक्ष उठले.

"अहो, चकचकीत रीळ उघडून काय दाखवता? हे घ्या माझं! दोन वर्षं आत हवा गेलेली नाही. परवाच चार किलोचा मासा काढलाय यावर. करा बघू याचं सोनं!"

लोक हसले. अध्यक्षांनी स्वतःचं रीळ टेबलावर ठेवलं. बाईंना दुसऱ्या रांगेतूनही त्याचा वास आला, किंवा आल्यासारखं वाटलं.

मिस्त्रींनी रीळ पुढे ओढलं. मग बोलायला लागले, आणि बोलले छान. पण स्क्रूड्रायव्हर धातूला टेकला मात्र, टकटकटकटक असा आवाज सुरू झाला, थंडीत दात वाजावेत तसा. दिव्याखाली ते हात सगळ्यांना दिसत होते. लेकीने बाईंचं मनगट धरलं.

कसंबसं करून मिस्त्रींनी आधी दोरा गुंडाळायची फिरकी वर ओढून काढली. तिच्या खालच्या घळीत आमिषाचा लगदा सडला होता, आणि त्या लगद्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पहिल्या रांगेतल्या एकाने तोंडाला रुमाल लावला. कुणीतरी "ई!" केलं. अध्यक्ष खो खो हसत म्हणाले, "असू द्या हो, माशांना तेवढाच खाऊ!"

इथवर बाईंनी सोसलं असतं. पण मिस्त्रींना आता फक्त ते संपवायचं होतं. त्यांनी लगदा फडक्याने ढकलल्यासारखा केला, झाकण उघडलं, आत मीठ आणि काळा चिखल दिसत असताना सरळ डबीत बोट बुडवलं आणि त्यावर ग्रीस थापायला सुरुवात केली. बोट थरथरत थरथरत एकाच दिशेने फिरणाऱ्या त्या बेअरिंगकडे निघालं, जिथे ग्रीस गेलं की मूठ उलटी फिरते आणि रीळ कामातून जातं.

"थांबा!"

आपण उठलो कधी हे बाईंना कळलंच नाही. "तिथे ग्रीस नाही लावायचं. आणि मिठावर तर कुठेच नाही. व्हा बाजूला."

मिस्त्री बाजूला झाले.

बाईंनी पदर खोचला. कुणाकडून तरी रुमाल मागून घेतला, ओला केला, आणि आधी अळ्या उचलून कागदात गुंडाळल्या. "हे कुणीतरी केराच्या डब्यात टाका. अध्यक्ष, तुम्हीच टाका, तुमच्याच आहेत." सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष पुडी दोन बोटांत धरून उठले.

पुढची पंचवीस मिनिटं बाईंचे हात चालले आणि तोंडही. स्क्रू सुटला की ट्रेच्या खळग्यात, भाग सुटला की त्याच्या पुढच्या खळग्यात. "पाण्यावरून आलात की आधी ताणाची चकती घट्ट करा, मग नळाच्या बारीक धारेखाली धरा. फवारा नाही! फवारा मारायचा असेल तर स्वतःवर मारा. पुसा, सावलीत वाळवा, मग चकती सैल करून ठेवा. तेल पातळ, दोन थेंब. ग्रीस फक्त दात्यांना, तांदळाच्या दाण्याएवढं. हिरवं दिसलं तर तो रंग नाही, कळंक आहे. आणि एवढं करायचा कंटाळा असेल तर मासे बाजारातून आणा. त्या जिवाला तोंडात आकडा घालून ओढून काढता, निदान ज्याने ओढता ती वस्तू तरी माणसासारखी ठेवा!"

रीळ जोडून झालं. बाईंनी मूठ फिरवली. नुसती हवा फिरावी तसा आवाज आला.

मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "म्हणजे दुकानातलं काम कोण करतं हो?"

बाई मिस्त्रींकडे वळल्या. त्यांनी वाट पाहिली. मिस्त्री फरशीकडे पाहत होते.

"मी करते," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली."

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात पडल्या. बाईंना त्या टाळ्यांचीही शिसारी आली. हेच हात रिळांची ही दशा करतात, त्यांना वाटलं, हेच, आणि त्या हात धुवायला निघून गेल्या.

घरी आठ दिवस अबोला. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायचे. नवव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "सगळ्यांसमोर माझे हात उघडे पाडलेस."

"मी रीळ उघडलं. हात तुम्ही दाखवलेत."

"थोडं थांबली असतीस तर..."

"मिठावर ग्रीस लावत होतात तुम्ही!" बाईंचा आवाज चढला. "दुसऱ्या कुणी लावलं असतं तर बसून राहिले असते. तुम्हीच ना शिकवलंत मला, मिठावर ग्रीस म्हणजे जखम न धुता पट्टी? तुमच्या हाताची मला कधी किळस आली नाही. त्या दिवशी तुमची आली."

मिस्त्रींनी पेपर घडी करून ठेवला. घडी वाकडी झाली. ती सरळ करायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

दुकानात पडसाद उमटलेच. पाच जणांनी आपापली रिळं परत नेली. चौघांनी काहीबाही कारणं दिली. पाचवा तो बस ड्रायव्हर. तो सकाळीच आला, पायरीवर उभा राहिला.

"माझं रीळ द्या."

"अजून झालं नाही," बाई म्हणाल्या. आता पडदा बाजूला सारलेला होता. "शुक्रवारपर्यंत देते."

"नको. तसंच द्या." तो मिस्त्रींकडे पाहून बोलत होता, जणू बाई तिथे नव्हत्याच. "बाईमाणसाच्या हातात द्यायचं असतं तर घरी बायकोच होती की. फसवलंत तुम्ही, मिस्त्री."

फसवलं हे खरंच होतं. बाईंनी रीळ त्याच्याच मऊ फडक्यात गुंडाळून दिलं. चार वर्षं त्या माणसाचं रीळ उघडताना त्यांना जे समाधान वाटलं होतं, ते आठवून त्यांना स्वतःचा राग आला. वस्तू पुसून ठेवली म्हणजे माणूस स्वच्छ झाला, हे कुणी सांगितलं होतं आपल्याला?

अध्यक्ष मात्र आले. आणखी तीन रिळं घेऊन आले. "बाहेरून पुसून आणलीत बरं का, बाई!"

"आणि आतून?"

"आतून तुम्ही आहात ना!" ते गडगडून हसले. त्या माणसाला लाज नावाची गोष्ट देवाने दिलीच नव्हती. बहुधा म्हणूनच त्याला रागही आला नव्हता. बाईंनी रिळं ठेवून घेतली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. पण त्या हसण्याकडे त्यांना पाहवलं नाही.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी लेक आली आणि तिने सरळ विचारलं, "बाबा, डॉक्टरला कधी दाखवलंत?"

मिस्त्री इकडेतिकडे बघायला लागले. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की चार वर्षांत हा माणूस एकदाही डॉक्टरकडे गेलेला नाही. हॉस्पिटलमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या बाईच्या घरात! मिस्त्री म्हणायचे, वय झालंय, होतं असं; आणि बाईंनी ते चालवून घेतलं होतं. दाखवायला गेलं असतं तर रांगेत कुणी ओळखीचं भेटलं असतं, गावभर झालं असतं, म्हणून नाही दाखवलं. आणि आपण? आपल्यालाही टेबल हवं होतं का? हा विचार त्यांनी मनात पुरता येऊ दिला नाही, पण तो येऊन गेला होता.

त्याच आठवड्यात त्या मिस्त्रींना घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होती. तिने मिस्त्रींना कागदावर गोल काढायला लावला. गोल नव्हताच तो, करवतीचं पातं होतं.

"इतके दिवस का थांबलात?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं.

"सांगा की," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघता?"

"दुकान होतं," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरला त्यातून काही कळलं नाही. तिने गोळ्या लिहून दिल्या. पूर्ण जाणार नाही म्हणाली, पण कमी होईल; लवकर आला असतात तर आणखी कमी झालं असतं.

कमी झालं. महिन्याभराने मिस्त्री अर्धा कप चहा न सांडता प्यायला लागले. बारीक स्प्रिंग काही त्यांच्याच्याने बसत नाही, ती बाईच बसवतात, पण मोठे स्क्रू ते काढतात, आणि नवं गिऱ्हाईक आलं की दारातच रीळ उलटंपालटं करून बघतात. "हे असं आत जाणार नाही," ते खडसावतात. "आधी धुऊन आणा. ती बघणारसुद्धा नाही याच्याकडे." हे सांगताना त्यांचा आवाज असा काही चढतो, जणू जन्मभर एकही घाणेरडं रीळ त्यांनी हसून ठेवून घेतलेलं नाही.

बाई हे टेबलावरून ऐकतात. एकदा लेकीने विचारलं, "आता बरं वाटतं ना गं, आई?"

"बरं कसलं?" बाई म्हणाल्या आणि फटीतलं काळं काडीने खरवडत राहिल्या. "चार वर्षं, गं. नुसत्या लाजेपायी."